आकंठ इटली : बोलोन्या ते रोम, पोटभर नोव्हेंबर

यंदा दिवाळी झाली, भाऊबीज झाली आणि आम्ही चौघं इटलीला निघालो, फक्त खायला. मी, नवरा, माझी ताई आणि भाऊजी. व्हेनिसच्या होड्या, पिसाचा मनोरा, मिलानचं शॉपिंग सगळं ठरवून गाळलं. भाचा मोदेनाला गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे, तो म्हणाला मावशी तुम्हाला खायचंच असेल तर बोलोन्याला या, रोमला शेवटी जा. ताई पक्की शाकाहारी (अंडं चालतं), भाऊजींना काहीही चालतं, त्यामुळे शाकाहारी लोकांनाही ह्या वर्णनाचा उपयोग होईल.

मला अजून एक ओढ होती. माणसं पोट फुटेस्तोवर का खातात आणि त्याच्या गोष्टी इतक्या चवीने का सांगतात ह्याचं मला फार वर्षांपासून कुतूहल आहे. आमच्या माहेरी लग्नाच्या पंगतीत जिलब्यांच्या पैजा लागायच्या, कुणी किती रिचवल्या ते पुढची दहा वर्षं सांगितलं जायचं. भीमाने बकासुराचा गाडाभर भात त्याच्याच समोर बसून संपवला ही गोष्ट लहानपणी परत परत ऐकलीये. तर युरोपात खादाडीचा इतिहास जिथे सर्वात जास्त साठलाय तिथे जाऊन तो बघायचा आणि सोबत जेवायचं, असा बेत होता.

शुक्रवार, बोलोन्या

मुंबई ते मिलान आणि तिथून ट्रेन, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पोचलो तेव्हा पाऊस. पण बोलोन्यात पावसाचं काहीच वाटत नाही कारण अख्ख्या जुन्या शहरात फुटपाथवर कमानींचं छत आहे, गावभागातच ३८ किलोमीटर, २०२१ साली युनेस्कोच्या यादीत पण गेलंय. छत्री न उघडता आम्ही सगळी संध्याकाळ हिंडलो.

ह्या शहराला इटलीत तीन टोपणनावं आहेत, विद्वान, लठ्ठ आणि लाल. विद्वान कारण १०८८ पासून चालत आलेलं विद्यापीठ, लाल कारण भिंती आणि कौलं (आणि राजकारण), आणि लठ्ठ का ते मुख्य चौकामागच्या गल्ल्यांत शिरलं की कळतं. दुकानांच्या छतापासून हॅम लोंबतायत, पार्मिज्यानो चीजची चाकं रचलेली, काचेमागे ताज्या पिवळ्याधम्मक पास्त्याचे ढीग. एका दुकानात बायका हातभर लांब लाटण्याने पीठ लाटत होत्या, पोळीपेक्षा पातळ, पोलपाटाच्या बाहेर लोंबेल एवढी मोठी. ताई तिथे काचेला नाक लावून उभीच राहिली, आतल्या बाईंनी तिला खूण करून बोलावलं आणि पिठाच्या पोळीतून आरपार खिडकी दिसते का ते धरून दाखवलं. दिसली!

रात्री तालियातेल्ले आणि रागू, म्हणजे रुंद पट्टीचा पास्ता आणि मांसाचा घट्ट रस्सा. हे शहर ह्या बाबतीत किती काटेकोर आहे ऐका. १९७२ साली त्यांनी तालियातेल्लेच्या एका पट्टीचा सोन्याचा नमुना करून व्यापार मंडळाच्या इमारतीत ठेवला, शिजल्यावर रुंदी ८ मिलिमीटर, म्हणजे गावातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. रागूची कृती पण १९८२ साली तिथेच अधिकृतपणे नोंदवली. जगभर मिळणारं स्पघेटी बोलोनीज इथे मागू नका, इथे रागू रुंद पट्टीच्या पास्त्याबरोबरच खातात आणि ते बरोबरच आहे, कारण चव त्या पट्टीला धरून राहते. ताईला रिकोटा चीज भरलेले मोठे तोर्तेलोनी, वर लोणी आणि सेजची पानं परतलेली. तिने पाव फिरवून बशी पुसून घेतली, वेटर खूष.

टीप : जेवायची वेळ फार पाळतात. दुपारी अडीचला स्वैपाकघर बंद, रात्री साडेसातच्या आधी कोणी उघडत नाही. बिलात माणशी दोन-तीन युरो "कोपेर्तो" लावतात, ते पाव आणि बसण्याचे, भांडू नका. नळाचं पाणी पिण्यालायक आहे पण हॉटेलात बहुतेक बाटलीच देतात.

शनिवार, बोलोन्या

सकाळी मुख्य चौक. आज इथे मुलं कबुतरांमागे धावतात, पण १७९६ पर्यंत दर वर्षी २४ ऑगस्टला इथे पोर्केत्ताचा उत्सव व्हायचा. सरकारी वाड्याच्या सज्जातून खालच्या गर्दीवर कोंबड्या, पक्षी आणि शेवटी आख्खं भाजलेलं डुक्कर फेकायचे आणि लोक त्यासाठी झुंबड उडवायचे, वर बसलेले सरदार ती मारामारी बघायचे. कारण म्हणे १२८१ साली बोलोन्याने फाएंझा शहर घेतलं ते एका डुकराच्या चोरीमुळे. तिथल्या तेबाल्देल्लो नावाच्या माणसाचं डुक्कर बोलोन्यातून हद्दपार होऊन तिथे राहिलेल्या लोकांनी पळवलं म्हणून त्याने रागाने रात्री वेस उघडून दिली, अशी कथा. नेपोलियनचं सैन्य आलं आणि तो उत्सव बंद पडला.

मला तिथे उभं राहून आपल्या पुण्याचा रमणा आठवला. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी पेशवे दक्षिणा वाटायचे, हजारो ब्राह्मण लांबून चालत यायचे. पुढे इंग्रजांनी त्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. इकडे डुक्कर, तिकडे दक्षिणा, तिथे विद्वत्तेचा मान होता आणि इथे नुसती झुंबड, हे फरक आहेतच, पण देणारा वर आणि घेणारा खाली ही मांडणी दोन्हीकडे दिसते. देणाऱ्याचा मोठेपणा मोजायचं माप म्हणजे समोरच्या गर्दीची भूक.

दुपारी ओस्तेरिया देल सोले. १४६५ पासून चालू असलेलं हे दुकान फक्त प्यायला देतं, खायचं आपलं आपण आणायचं. मागच्या गल्लीतून चीज, पाव, ऑलिव्ह, भाऊजींसाठी मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणलं, आणि भाच्यासाठी आणलेला फराळाचा डबा पण ताईने उघडला. लाकडी बाकांवर कोणीही कोणाच्याही शेजारी बसतं. आमच्या शेजारी सत्तरी ओलांडलेलं जोडपं होतं. आजींना चकली फार आवडली, त्यांनी ती मोडून आधी वास घेतला, मग ओवा आणि तीळ ओळखायचा प्रयत्न केला, आजोबांनी लाडू घेतला आणि मग त्यांच्या कागदातलं सगळं आमच्यापुढे सरकवलं. न घेतलं तर चालतच नाही! भाचा मधे बसून दोन्हीकडचं भाषांतर करत होता.

आजींनी त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. डोंगराकडचं गाव, रोज पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, दुसरं काही नाही. टेबलावर मधोमध दोरीला एक खारवलेला हेरिंग मासा टांगलेला. प्रत्येकाने आपला पोलेंत्याचा तुकडा त्या माशाला घासायचा आणि खायचा, मासा खायचा नाही, तो उद्याला पण हवा. नुसत्या मक्यावर राहून उत्तर इटलीतली हजारो माणसं पेलाग्रा नावाच्या रोगाने आजारी पडायची, हे मी आधी वाचलं होतं, पण तो दोरीचा मासा ऐकल्यावर घशाशी आलं. आमची आई नगर जिल्ह्यातली, बाहत्तरच्या दुष्काळात मोठी झालेली. घरी अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकऱ्या, दुष्काळी कामावरून आलेली सुकडी. ती सांगते की रात्री अंगणात पडल्या पडल्या सगळी पोरं लग्नातल्या जेवणाच्या गोष्टी करायची, कोण किती बुंदीचे लाडू खाणार ह्याच्या पैजा लावायची, लाडू एकही नसताना. मी हे सांगितलं तर आजी म्हणाल्या की आमच्याकडेही हेच, आई आम्हाला झोपवताना डोंगराची गोष्ट सांगायची.

तो डोंगर म्हणजे इटलीत सातशे वर्षं चाललेलं स्वप्न आहे. चौदाव्या शतकात बोक्काच्चो नावाच्या लेखकाने लिहून ठेवलंय, बेंगोदी नावाच्या देशात किसलेल्या पार्मिज्यानोचा अख्खा डोंगर आहे, त्यावर बसलेली माणसं दुसरं काही करतच नाहीत, मॅकरोनी आणि राव्हियोली करतात, कोंबड्याच्या रश्शात शिजवतात आणि डोंगरावरून खाली सोडून देतात, ज्याला जेवढं झेलता येईल तेवढं त्याचं. मला वाटतं खादाडीच्या बहुतेक सगळ्या गोष्टी उपाशी माणसांनीच रचल्यात. ज्याचं पोट रोज भरतं तो कशाला चीजचा डोंगर रचेल?

बोलोन्याच्याच क्रोचे नावाच्या लेखकाने १६०६ साली छापलेली बेर्तोल्दोची गोष्ट तर अजून पुढची. खेडवळ पण फार हुशार बेर्तोल्दो राजाचा लाडका होतो, दरबारात राहतो, आणि तिथलं भारी भारी खाऊन मरतो. राजवैद्याला तो विनवत असतो मला माझे सलगम आणि शेंगांचे दाणे द्या, पण त्याला त्याची सवय आहे हे वैद्याला पटतच नाही. संध्याकाळी परत पाऊस लागला. इटालियन कवी दांतेच्या काव्यातल्या नरकात खादाड लोक चिखलात पडलेत आणि त्यांच्यावर कायमचा थंड पाऊस पडतोय, हे भाऊजींना कमानीखाली गरम तोर्तेलिनीचा (छोट्या भरलेल्या पास्त्याचा) रस्सा पिताना सांगितलं. त्यांनी अजून एक वाटी मागवली.

रविवार, मोदेना आणि नोव्हेल्लारा

बोलोन्याहून ट्रेनने अर्धा तास. भाच्याच्या घरी डबे दिले, त्याच्या रूममेटने चिवडा उभ्यानेच संपवला. मग न्योक्को फ्रित्तो, म्हणजे चौकोनी फुगलेल्या पुऱ्या म्हणा, गरम गरम, आत चीज किंवा हॅम घालून खायच्या.

शाकाहारी लोकांनी लक्ष द्या : ह्या पुऱ्या बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत तळतात, विचारूनच घ्या, तेलात तळणारे पण सापडतात. आणि पार्मिज्यानोमधे वासराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतंच असतं, त्याशिवाय त्याला ते नाव लावता येत नाही. ताईला हे आधीच माहीत होतं, तिने विचार करून चीज खायचं ठरवलं होतं, ज्यांना चालत नाही त्यांनी पास्त्यावर चीज नको हे ऑर्डर देतानाच सांगा.

मोदेनाचं पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगर एका घराच्या माळ्यावर जाऊन चाखलं. द्राक्षांचा रस आटवून उतरत्या आकाराच्या लाकडी पिंपांतून दर वर्षी थोडा थोडा पुढे सरकवत नेतात, कमीत कमी १२ वर्षं, जुनं म्हणून विकायचं तर २५. चमच्यावर एक थेंब घातला, घट्ट, काळा, आपल्या चिंचगुळाच्या कोळासारखा आंबटगोड पण मागे लाकडाचा वास. घरातल्या बाई म्हणाल्या मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपं लावायची पद्धत आहे, लग्नात तिच्याबरोबर जातात.

दुपारी भाचा म्हणाला आता इटालियन बास, चला लंगरला. नोव्हेल्लारा नावाचं छोटं गाव, सगळीकडे सपाट शेतं, धुकं, आणि त्यात अचानक पांढरा गुरुद्वारा. २००० साली उघडलेला. ह्या पो नदीच्या खोऱ्यातल्या गोठ्यांत गेल्या तीस-चाळीस वर्षांपासून पंजाबी लोक काम करतात. पार्मिज्यानोला दोन वेळचं दूध लागतं, संध्याकाळचं रात्रभर ठेवून वरची साय काढतात आणि त्यात सकाळचं ताजं मिसळतात, म्हणजे पहाटे चारला उठून गाई पिळणारा माणूस हवाच, सणवार काही नाही. आमच्या शेजारी पंगतीत बसलेले सरदारजी अशाच एका गोठ्यात वीस वर्षं आहेत. होशियारपूरकडचे. आम्ही मुंबईहून आलोय म्हटल्यावर हिंदीत गप्पा सुरू झाल्या. डाळ, रोटी, कढी, खीर. जमिनीवर ओळीने बसलेलो, वाढणारा पुढे येतो आणि एक रोटी अजून, एक अजून. ताई किती दिवसांनी असं पोटभर निर्धास्त जेवली! ती म्हणाली चीजच्या डोंगराखाली बसून डाळ खाल्ली. वर बसून फेकणारा इथे कोणी नाही, वाढणारा वाकूनच वाढतो, आणि शनिवारच्या चौकानंतर मला हे फार जाणवलं.

सोमवार, चीजचा कारखाना

सकाळी आठच्या आत पोचावं लागतं, दुपारी गेलात तर नुसती स्वच्छ भांडी दिसतात. उलट्या घंटेसारख्या तांब्याच्या कढया, वाफ, पांढरे रबरी बूट. एका चाकाला सुमारे ५५० लिटर दूध लागतं आणि चाकाचं वजन चाळीस किलोच्या आसपास भरतं. दह्यासारखा विरजलेला भाग बारीक फोडून गरम करतात, तो तळाशी बसतो, मग दोघं माणसं कापडाची झोळी करून तो उचलतात, कापतात, दोन चाकं होतात. साच्यात घालून मग जवळजवळ तीन आठवडे मिठाच्या पाण्यात, आणि नंतर कोठारात वर्षभर तरी. त्या कोठारात शिरल्यावर मात्र आमच्यापैकी कोणी बोललं नाही, छतापर्यंत फळ्यांवर हजारो चाकं, वास असा की भूक लागलीच पाहिजे. परीक्षक हातोडीने ठोकून आवाजावरून आत पोकळी आहे का ते ओळखतो.

बारा, चोवीस आणि छत्तीस महिन्यांचं शेजारी शेजारी चाखायला देतात. चोवीसचं घ्या. छत्तीसचं महाग पण आहे आणि एकदम तीव्र. व्हॅक्यूम पॅक करून मागा, चेक-इनच्या बॅगेत टाका.

मंगळवार, फेरारा

दाट धुकं. किल्ला जवळ जाईपर्यंत दिसलाच नाही, मग एकदम खंदक आणि लाल बुरूज समोर. इथल्या एस्ते घराण्याच्या मेजवान्या अख्ख्या युरोपात गाजलेल्या. क्रिस्तोफोरो दी मेस्सिस्बुगो हा त्यांचा कारभारी, त्याने मेजवान्यांचे तपशील लिहून ठेवले, ते १५४९ मधे त्याच्या मृत्यूनंतर छापले गेले. २४ जानेवारी १५२९ ची मेजवानी वाचली तर डोकं गरगरतं, शंभरेक पाहुणे, एकामागून एक वाढपाच्या फेऱ्या, प्रत्येक फेरीत वेगवेगळे मासे, पक्षी, गोड, आणि प्रत्येक फेरीबरोबर वेगळं गाणं-बजावणं. म्हणजे प्रत्येकाने सगळं संपवायचं नव्हतंच, सगळं बघायचं होतं आणि उरलेलं खाली खाली झिरपत नोकरांपर्यंत जायचं.

पण हा किल्ला मुळात बांधला का? १३८५ साली पूर आणि करांनी गांजलेले लोक उठले, कर बसवणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांनी अक्षरशः फाडून टाकलं, आणि घाबरलेल्या सरदाराने त्याच वर्षी किल्ल्याचं काम काढलं, शत्रूपासून नाही, आपल्याच गावापासून वाचायला. आत आता जुन्या मुदपाकखान्याच्या खोल्या पण बघता येतात आणि जवळच अंधारकोठड्या. मी तिथून बराच वेळ हललेच नाही, नवऱ्याने शेवटी हाक मारली.

जेवायला काप्पेलाच्ची, लाल भोपळा भरलेला पास्ता, जायफळ घालून. ताईसाठी अख्ख्या ट्रिपमधला सर्वात आवडता पदार्थ. इथला पाव पण बघा, दोन वेटोळी पिळलेली चार शिंगं, कडक, कुरकुरीत.

बुधवार-गुरुवार, रोम

बुधवारी रेल्वेचा संप होता, दोन गाड्या रद्द, दुपारी मिळाली. संपाच्या तारखा आधी जाहीर होतात, प्रवासाच्या आदल्या रात्री बघून घ्या. नाहीतर बोलोन्या-रोम दोन तासांच्या आसपास.

गुरुवारी सकाळी कोलोसियम. रोमन लोक मेजवानीच्या मधेच खास खोलीत जाऊन ओकून यायचे आणि परत खायला बसायचे, असं आपण ऐकलेलं असतं. त्या खोलीला व्होमिटोरियम म्हणतात, पण अशी खोली नव्हती. ज्याला ते नाव चिकटलंय ते म्हणजे नाट्यगृहातून गर्दी भराभर बाहेर पडायचे बोळ, आणि ते बोळ आपण तिथे प्रत्यक्ष चालतो. उत्तरेकडच्या कमानींवर अजून रोमन आकडे कोरलेले दिसतात, आपापल्या नंबरच्या दारातून शिरायचं, तसंच बाहेर. सेनेका नावाच्या रोमन तत्त्वज्ञाने श्रीमंतांवर टीका करताना ओकण्याबद्दल लिहिलंय खरं, पण तो उपदेशकाचा आवाज आहे, घराचा नकाशा नाही.

शेजारीच फोरम, म्हणजे जुन्या रोमचा मुख्य चौक. इथून सन ६९ च्या डिसेंबरात व्हिटेलियस बादशहाला फरफटत नेऊन मारला. त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय की त्याच्या स्वागताच्या मेजवानीत २००० मासे आणि ७००० पक्षी होते, आणि एका प्रचंड ताटात मोरांचे मेंदू आणि फ्लेमिंगोंच्या जिभा. असेल. पण हे सगळं त्याला हरवणारं घराणं गादीवर बसल्यानंतर लिहिलं गेलं. हरलेल्या राजाला बदनाम करायचं तर त्याचं ताट दाखवायचं. आपल्याकडे भीम खातो तर त्याचं कौतुक कारण त्या जेवणाच्या मागे तो गावाला वाचवतो, आणि कुंभकर्ण खातो तर राक्षस. खाणं तेच, कोणाच्या बाजूने लढला त्यावर ठरतं.

रोमन सरकारने खाण्यावर कायदे पण केले होते. इसवीसनपूर्व १६१ च्या फॅन्नियस कायद्याने जेवणावळीचा खर्च बांधून दिला, पक्षी वाढायचा तर एकच कोंबडी आणि तीही मुद्दाम पोसून लठ्ठ केलेली नको. लोकांनी लगेच कोंबड्याला दुधात भिजवलेलं खाऊ घालून पोसायला सुरुवात केली, कारण कायद्यात कोंबडी लिहिलं होतं! प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने हे नोंदवलंय.

कोलोसियमपासून दहा मिनिटांवर सान ग्रेगोरिओ चर्च. सहाव्या शतकातल्या ह्या ग्रेगरी पोपने सात महापापांची यादी बसवली, आणि खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले, वेळेआधी खाणं, महागडं खाणं, प्रमाणाबाहेर खाणं, अधाशासारखं खाणं आणि फार चोखंदळपणे खाणं. हे पाचही पायरीवर बसून वाचून दाखवले. भाऊजी म्हणाले मग उरलं काय? पण त्याच ग्रेगरीची दुसरी गोष्ट मला जास्त आवडते, रोज बारा गरिबांना आपल्या टेबलावर जेवायला बसवायचा आणि एकदा तेरावा देवदूत येऊन बसला. ते संगमरवरी टेबल बाजूच्या छोट्या प्रार्थनाघरात आहे म्हणतात, आम्ही गेलो तेव्हा कुलूप होतं.

रात्री न्योक्की, बटाट्याचे मऊ गोळे, कारण रोममधे गुरुवार न्योक्कीचा, शुक्रवार माशाचा, शनिवार वजडीचा. शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून आदल्या दिवशी जड खाऊन घ्यायचं. आखाडातल्या शेवटच्या दिवसांत आपल्याकडे श्रावणाआधी काय चालतं ते आठवा, ताईच्या सासरी तर मटणवाल्याकडे रांग लागते.

शनिवार, रोम

शुक्रवार नुसता हिंडण्यात आणि आइस्क्रीममधे गेला, दृष्ट लागेल असं ऊन होतं.

शनिवारी सकाळी कोलोन्ना महालातली गॅलरी, ती रोज उघडी नसते, शनिवार सकाळ धरा आणि तिकीट आधी काढा. मला एकच चित्र बघायचं होतं. बोलोन्याच्या आनिबाले कर्राच्चीने १५८० नंतर कधीतरी काढलेला शेंगदाणे नव्हे, चवळीसारखे दाणे खाणारा शेतकरी. टोपी तशीच डोक्यावर, एका मुठीत पाव, दुसऱ्या हातातला चमचा तोंडाजवळ, त्यातून रस्सा टपकतोय, कांद्याची पात, वाइनचा पेला. आणि तो आपल्याकडे असा बघतो की आपण दार न वाजवता आत आलोय. महालाच्या छतावर चित्रं आहेत, लढाया, विजय, आणि भिंतीवर हा जेवणारा माणूस. मी कितीतरी वेळ त्याच्यासमोर होते. चारशे वर्षांपूर्वी एका चित्रकाराला वाटलं की दाणे खाणारा माणूस काढण्यालायक आहे, ह्याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुपारी तेस्ताच्चो. ह्या भागात एक टेकडी आहे, सुमारे ३५ मीटर उंच, आणि ती पूर्णपणे फुटक्या रांजणांची आहे! स्पेन आणि आफ्रिकेतून ऑलिव्ह तेल भरून यायचे ते रांजण धुता येत नसत, तेल आतून मुरलेलं, म्हणून फोडून इथे रचायचे, तीन शतकं. ऑगस्टसच्या काळात सरकार दोन लाख लोकांना फुकट धान्य देत होतं. म्हणजे मोरांच्या मेंदूच्या गोष्टी महालात, आणि खरी रोमची भूक ही अशी डोंगराएवढी. वर जायला आधी परवानगी लागते, पण टेकडीत खोदलेल्या काही हॉटेलांत काचेमागे ती खापरं रचलेली दिसतात, आम्ही तशाच एका ठिकाणी बसलो.

समोर जुना कत्तलखाना, १८९० च्या सुमाराचा, १९७५ ला बंद. चांगलं मांस चार वाट्यांत जायचं, सरदार, पाद्री, व्यापारी, सैन्य, आणि कामगारांना उरायचा पाचवा वाटा, शेपूट, वजडी, आतडी. त्यातून ह्या भागाचा सगळा स्वैपाक उभा राहिला. भाऊजींनी शेपटीचा रस्सा घेतला, सेलरी घालून तासन् तास शिजवलेला, नवऱ्याने वजडी, पुदिना आणि पेकोरिनो चीज घातलेली. आमच्याकडे वजडी तिखट करतात, ही टोमॅटोत आणि सौम्य, पण नवरा म्हणाला ह्याला हात आहे. ताईला आणि मला काच्चो ए पेपे, नुसतं चीज, मिरी आणि पास्त्याचं पाणी, बाजूला पुंतारेल्लेची कडवट कुरकुरीत भाजी. (पेकोरिनोमधे पण रेनेट असतं, आणि पुंतारेल्लेवर अँचोव्ही मासा घालतात, नको म्हणून सांगितलं.)

वाढणाऱ्या बाई साठीच्या असतील, वडील त्या कत्तलखान्यात कामाला होते म्हणाल्या. पगाराबरोबर पिशवीत शेपट्या आणायचे, आई शिजवायची, वास आला की जिन्यावरचे सगळे शेजारी ताटल्या घेऊन हजर. आमच्या बशा रिकाम्या दिसल्या की त्या आतून अजून पाव आणायच्या, रस्सा सोडू नका म्हणायच्या. ताईने पोटावर हात ठेवून पुरे म्हणून दाखवलं, तर त्यांनी हसत अजून एक तुकडा ठेवला.

टीप : तेस्ताच्चोचा बाजार सकाळीच करा, रविवारी तो बंद असतो. शनिवार दुपारचं टेबल दोन-तीन दिवस आधी फोन करून ठेवा. एक पास्ता दोघांत घेतला तरी कोणी काही म्हणत नाही, चार प्रकार चाखता येतात.

आर्टिचोक मात्र राहिले, ज्यू वस्तीतले आख्खे तळलेले. त्यांचा खरा सिझन फेब्रुवारी ते एप्रिल. आणि नेपल्स पण राहिलं, तिथे अठराव्या शतकात कार्निव्हलला राजवाड्यासमोरच्या चौकात पाव, चीज, मांसाचे खरोखरचे डोंगर उभे करायचे, राजाने खूण केली की गरीब लोक तुटून पडायचे, चिरडून मेलेसुद्धा. तो चौक मला बघायचाच आहे. ताईने आत्ताच सांगून ठेवलंय की पुढच्या खेपेला फेब्रुवारीत निघायचं, म्हणजे कार्निव्हलचं तळलेलं गोड पण मिळेल आणि रोमला उतरून आर्टिचोक पण.